बहिणीचं वेळापत्रक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, मायला तर नाहीच. एकदा एका सोबत्याजवळ तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात त्याचा फोन वाजला, आणि मला हायसं वाटलं. त्यानंतर पुन्हा तोंड उघडलं नाही.

तुम्ही मला ओळखत नाही. म्हणूनच सांगता येतंय, असंही असेल. ओळखीचा माणूस मध्येच म्हणेल, जाऊ दे रे, तेव्हा तू लहान होतास. मी लहान नव्हतो. एकविसावं लागलं होतं मला. मतदान करून आलो होतो.

पण आधी घरचं सांगतो. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमची वस्ती मानोरा तालुक्यात, डांबरी रस्ता सोडून दोन किलोमीटर आत. तीस-पस्तीस घरं. दिवाळी झाली की त्यातल्या निम्म्या घरांना कुलूप लागायचं, ते होळीनंतर निघायचं. माणसं ऊसतोडीला जायची. माझे बाबा आणि माय लग्न झाल्यापासून जायचे. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. कोयता म्हणजे जोडी. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. एकट्या माणसाला मुकादम उसाच्या फडात उभं करत नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आम्ही दोघं भावंडं. मी आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान रेणुका. आईबाप गेले की आम्ही मोठ्या मायजवळ, म्हणजे काकूजवळ राहायचो. तिची स्वतःची चार लेकरं. भाकर मोजून मिळायची, आणि त्यात काकूची काही चूक नव्हती. भाजी असली तर असली. नाहीतर तिखट, मीठ, वरून तेलाची धार. थंडीच्या दिवसांत रेणू माझे शर्टावर शर्ट घालून शाळेत जायची आणि मास्तर विचारायचे, काय गं, कपाट अंगावर घेऊन आली का?

मी दहावीला बसणार होतो त्या साली काकूचा पाय मोडला. रेणूला मामानं नेलं, मला बाबांनी सोबत नेलं. एक हंगाम मी फडात काढला. उसाचं पाचट हात चिरतं — बारीक, दिसतही नाही. संध्याकाळी भाकरीवर मीठ घेतलं की बोटाबोटाला कळतं. थंडीत पहाटे उठायचं, दव पडलेला ऊस धरायचा. ट्रक कधीही येतो. आला की जेवत असाल तरी उठायचं. मी त्या हंगामात एकच गोष्ट ठरवली होती. इथं परत यायचं नाही. मेलो तरी नाही.

म्हणजे तिथं काय असतं ते मला ठाऊक होतं. हेही लक्षात ठेवा.

माझं ते एक वर्ष गेलं. त्याआधी सातवीत असताना हजेरीमुळं एक गेलं होतंच. रेणूचं एकही गेलं नाही. ती मागून आली आणि माझ्या बरोबरीनं बसली. दहावी, मग बारावी, एकाच साली. तिला सायन्सला चांगले गुण पडले, मला आर्ट्सला जेमतेम. वाशीमच्या कॉलेजात तिला बी.एस्सी.ला जागा मिळाली. बाबा म्हणाले, दोघं संगच जा, संगच या. म्हणून मीही तिथंच बी.ए.ला नाव टाकलं. खरं सांगायचं तर तिच्यामुळं मी वाशीमला गेलो. लोकांना मी उलट सांगत आलो — मी होतो म्हणून तिला शिकता आलं.

वस्तीत टपरीवर लोक मला विचारायचे, "काय राजे, बहीण डॉक्टरीन होऊन राह्यली, तुमी काय होता? कंपाउंडर?" मी हसायचो. तुम्ही विचाराल, तुला राग यायचा का? यायचा. तिचा यायचा. बोलणाऱ्यांचा नाही.

आता त्या वेळापत्रकाचं सांगतो.

आम्ही गेलो त्या साली कॉलेजनं नोटीस बोर्डावरचं वेळापत्रक बंद केलं आणि सगळं ऑनलाइन केलं. आपला नंबर टाकायचा, पासवर्ड टाकायचा, आपले तास बघायचे. घरात एकच फोन आला, तो माझ्या हातात आला. मुलगा म्हणून आला, दुसरं काही कारण नव्हतं. दोघांचे पासवर्ड मीच बनवले. तिचा पासवर्ड आमच्या शेळीचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. त्यावरून ती किती दिवस हसत होती. तिला त्यापलीकडं त्यातलं बघायची गरज पडली नाही. दादा बघतो, दादा सांगतो. बसमध्ये मी म्हणायचो, आज तुझं साडेदहाला आहे, प्रॅक्टिकल दीडला. ती मान हलवायची.

त्या पानावर वर तीन खिडक्या होत्या. शाखा, सत्र, बॅच. शाखा आणि सत्र आपोआप यायचं. बॅच आपल्याला निवडायला लागायची. निवडली नाही तर सगळ्यांचे सामाईक तास तेवढे दिसायचे आणि प्रॅक्टिकलं दिसायचीच नाहीत. पान अर्धं रिकामं. आणि तिथं 'सर्व' असं ठेवलं तर सगळ्या गटांचे सगळे तास एकदम अंगावर यायचे. पान गच्च भरलेलं. पहिल्या सत्रात मी स्वतःच 'सर्व' ठेवून फसलो होतो. दुसऱ्याच गटाच्या तासाला जाऊन पुढच्या बाकावर बसलो. सरांनी विचारलं, तू कोण? वर्ग हसला. म्हणजे ते पान कसं फसवतं, हे मला पुरतं माहीत होतं. आमच्या घरात ते फक्त मलाच माहीत होतं.

चौथं सत्र सुरू व्हायचं होतं. संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. मोळी घेऊन चढताना माय फळीवरून घसरली. कंबरेवर पडली. बाबा तिला घेऊन घरी आले. हाड मोडलं नव्हतं, पण डॉक्टरनं सांगितलं, दोन-तीन महिने वजन उचलायचं नाही. बाबांना दुसऱ्या दिवशी परत फिरायचं होतं. हंगाम अर्धा राहिला होता आणि जोडी तुटली होती. कुणीतरी एकानं त्यांच्यासोबत जायचं होतं.

आम्ही दोघंच होतो. कोण जाणार?

आमच्याकडं याचं उत्तर विचारावं लागत नाही. पोरीचं शिक्षण थांबतं, पोराचं नाही. आजूबाजूच्या सगळ्या घरांत तसंच झालेलं. मायनं रेणूकडं बघितलंही होतं. बाबांनी तसं म्हटलं असतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. गप्प राहिलो असतो आणि सारा दोष रिवाजावर टाकला असता.

पण माझे बाबा वेगळे निघाले. शाळेची पायरी न चढलेला माणूस. ओसरीत बसले, चहा प्यायले आणि म्हणाले —

"पोरगा अन् पोरगी मी पायत नाही. दोघाइचंबी शिक्षण सारखं. ज्याचे तास कमी असतीन, त्यानं माह्यासंग चलावं. मोबाइलात दाखव मले, दोघाइचे."

मी शेळीला पाला टाकून येतो म्हणालो आणि बाहेर गेलो.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की जे झालं ते अचानक झालं. फोन हातात होता, बोट घसरलं, मग मागं घेता आलं नाही. खोटं आहे ते. शेळीजवळ उभं राहून मी दोघांची वेळापत्रकं उघडली. नीट, बरोबर बॅच टाकून. रेणूचे सोमवार ते शुक्रवार सगळे दिवस भरलेले. सकाळी तास, दुपारी रसायन, वनस्पती, प्राणी यांची प्रॅक्टिकलं, चार दिवस पाचपर्यंत. माझे आठवड्याचे दहा तास. दोन दिवस तर नुसते कोरे. कुणी जायचं, ते त्या पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

मी तिथं किती वेळ उभा होतो? शेळीनं पाला संपवला तेवढा. तिथं मी ठरवलं. परत आत आलो तेव्हा माझे हात कापत नव्हते. कापत होते असं लिहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आधी माझं दाखवलं. बॅचच्या जागी 'सर्व'. पान रंगीत चौकोनांनी भरून गेलं. बाबांना वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं. त्यांनी अंगठा एकेका चौकोनावर ठेवत मोजायला सुरुवात केली. अंगठ्याला इतक्या भेगा की पडद्याला तो माणसाचा वाटतच नव्हता. कधी पान हलायचंच नाही, कधी भलतीकडं जायचं. मग ते माझं बोट धरून मोजू लागले. माझं बोट त्यांच्या मुठीत. सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत गेले आणि म्हणाले, बापा, लई हायेत.

मग रेणूचं. शेळीचं नाव, एक-दोन-तीन. बॅच रिकामी ठेवली. पानावर नऊ चौकोन.

रेणू माझ्या खांद्यावरून बघत होती. तिच्या केसांना चुलीच्या धुराचा वास होता. ती म्हणाली —

"काऊन दादा, प्रॅक्टिकल नाही दिसून राह्यले?"

हा एक क्षण होता. तो मी कितीदा परत उघडून बघितला असेल. तिनं विचारलं होतं. दार उघडं होतं. मी नुसतं म्हणायचं होतं, थांब, बॅच टाकायची राहिली. कुणाला काही कळलंही नसतं.

"अजून टाकले नाहीत," मी म्हणालो. "या सत्राले कमीच हायेत म्हणते. परीक्षेच्या आधी घेतीन एकदम."

ती थोडा वेळ त्या पानाकडं बघत राहिली. तिला ते पटलं असेल का? हुशार होती ती, तीन सत्रं तिनं प्रॅक्टिकलं केली होती. पण पटणं वेगळं आणि दादा सांगतो ते वेगळं. तिनं पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि म्हणाली, "मंग काय. मी चालली बाबासंग."

बाबांनी तिला दोनदा विचारलं, तुह्या अभ्यासाचं नुकसान तं नाही ना होणार? ती म्हणाली, नाही, तिथंच वाचीन. तिनं पिशवीत रसायनाचं पुस्तक घातलं, दोन वह्या घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जीपच्या टपावर तिची पिशवी मीच बांधली. गाठ पक्की मारली, पडू नये म्हणून.

एवढंच असतं तरी पुष्कळ होतं. पण एकदा केलेली गोष्ट तिथं थांबत नाही. तिला रोज खाऊ घालावं लागतं.

रेणू आठ-दहा दिवसांनी बाबांच्या साध्या फोनवरून फोन करायची. पहिलं वाक्य ठरलेलं. वेळापत्रक बदललं का? मी म्हणायचो, नाही, तसंच आहे. ती म्हणायची, बरं झालं. मग हातांचं सांगायची, हसत हसत. मुकादमाची बाई मला कॉलेजवाली म्हणते, म्हणायची. मोळी नीट बांधता आली नाही की सगळा फड ओरडतो, कॉलेजवाली, पुस्तकात पाहून बांध.

आणि मी? मला दहा तासांसाठी रोज वाशीमला जाणं भाग होतं, कारण घरी माय होती आणि माझे अठ्ठावीस तास होते. सकाळच्या बसनं जायचो, संध्याकाळी यायचो. मधला वेळ बसस्टँडवर काढायचो. कॅन्टीनमध्ये एक चहा घेऊन दीड-दीड तास. फलाटावर लागणाऱ्या गाड्यांच्या पाट्या मला पाठ झाल्या होत्या. कधी कॉलेजच्या मागच्या बाजूनं जायचो. तिथं प्रयोगशाळेच्या खिडक्या होत्या. आत पांढरे कोट घातलेल्या पोरी वाकून काहीतरी बघत असायच्या. मी थांबायचो नाही.

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी बोलायचं होतं. महिना झाला होता, दीड महिना झाला होता, हजेरी सावरता आली असती. खरं आहे. एक दिवसही असा नव्हता की सावरता आलं नसतं. रोज तो दिवस मागं टाकत गेलो.

ती परत आली ते रामनवमीच्या सुमारास. पोहरादेवीची यात्रा होती, सगळ्या एस.टी. तिकडं वळवलेल्या, म्हणून आम्ही दोघं एका काळीपिवळीत दाटीनं बसून कॉलेजला गेलो. तिचे हात काळे पडले होते, बोटांना पट्ट्या. परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. ती खुशीत होती, कारण बाबांनी तिला येताना नवा ड्रेस घेऊन दिला होता.

ऑफिसच्या भिंतीवर एक यादी लावलेली होती. ज्यांचं सत्र मंजूर झालेलं नाही त्यांची. तिनं स्वतःचं नाव त्यात वाचलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, प्रात्यक्षिकांना पूर्ण अनुपस्थित. साध्या तासांची गैरहजेरी कॉलेज चालवून घ्यायचं, प्रात्यक्षिकांची नाही.

ती थेट खिडकीशी गेली. मी तिच्या मागं उभा राहिलो. ती बाबूला सांगत होती की प्रॅक्टिकल लावलेच नव्हते, तर गैरहजर कसे? तुमच्या कंप्युटरमध्ये नंतर टाकले असतील. बाबूनं पडदा तिच्याकडं फिरवला. पानावर तारीख असते, कधी चढवलं त्याची. तो मोठ्यानं म्हणाला, मागं रांग होती, सगळ्यांना ऐकू गेलं —

"बाई, हे पह्यल्या दिवसापासून इथं हाये. कोण पाह्यलं होतं तुमचं वेळापत्रक?"

"माह्या भावानं."

"मंग भावाले म्हणा, डोळे तपासून घे. नाहीतं नियत."

रांगेतले दोघं-तिघं हसले. रेणूचा चेहरा लाल झाला. मी वाट बघत होतो की ती मागं वळून माझ्याकडं बघेल. तिनं बघितलं असतं तर मी बोललो असतो, असं मला पुष्कळ वर्षं वाटायचं. ती वळली नाही. त्या बाबूकडंच बघत म्हणाली —

"माहा भाऊ खोटं नाही बोलत, सर. तुमचंच चुकलं असन."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. माझं तोंड होतं, त्यात जीभ होती. मी काही बोललो नाही.

मी खोटं दाखवलं ती एक गोष्ट. तेव्हा भीती होती, मत्सर होता, काही ना काही होतं. पण खिडकीजवळ कशाची भीती होती? ऊसतोड संपली होती. मला आता कुणी कुठं नेणार नव्हतं. तरी मी गप्प राहिलो, कारण तिनं मला चांगलं म्हटलं होतं आणि मला ते ठेवून घ्यायचं होतं. त्या दोघांतला मोठा गुन्हा कुठला म्हणाल तर मी हाच म्हणेन.

तिच्या रसायनाच्या मॅडमनी तिला बोलावून घेतलं. पुढच्या साली हेच सत्र परत कर म्हणाल्या, तू करशील. बाहेर आली तेव्हा तिनं मला विचारलं, तुले खरंच नव्हते दिसले ना? मी म्हणालो, नेट नीट नव्हतं, अर्धंच पान उघडलं असेल. ती म्हणाली, तसंच झालं असन. आणि परत येताना काळीपिवळीत खिडकीकडं तोंड करून बसली.

पुढचं साल आलंच नाही. घरी बसलेल्या पोरीला स्थळं यायला लागतात. मंगरूळपीरकडचं एक घर आलं, माणसं बरी होती. बाबा म्हणाले, तिला विचारा. तिला विचारलं. ती म्हणाली, एक वर्ष गेलंच आहे, आता परत खालच्या वर्गातल्या पोरींसोबत बसायचं, परत दादाला सोबत नेत-आणत राहायचं... राहू द्या. तिच्या लग्नात मी खूप राबलो. मंडप घातला, पंगती वाढल्या. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा.

मी पास झालो तेव्हा वस्तीनं माझा सत्कार केला. मारुतीच्या देवळासमोर सतरंजी टाकली होती, सरपंच आले होते. शाल, नारळ, टोपी. रेणू माहेरी आली होती, दिवस गेलेले होते तिला. तिनंच मला ओवाळलं. मग लोकांनी बाबांना बोला म्हणून उभं केलं. त्यांना बोलता येत नाही, पण त्या दिवशी बोलले. म्हणाले, मी पोरगा-पोरगी असं कधी केलं नाही. जे कंप्युटरनं दाखवलं त्यावर निर्णय घेतला. पोरीचं नशीब, पण माझ्याकडून अन्याय झाला नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी हयातभर जेवढ्या गोष्टी केल्या त्यातली ही एक त्यांना सर्वांत मोठी वाटायची. कुठल्याही बापानं आमच्याकडं न केलेली. ती मी आतून पोखरून ठेवली होती, आणि ते तिच्यावर उभं राहून बोलत होते. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं की त्यांनी न्याय केला.

आता मी वाशीमला एका सरकारी ऑफिसात लिपिक आहे. परीक्षा देऊन लागलो. कुणाच्या ओळखीनं नाही. त्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. आमच्या घरात टेबलखुर्चीवर बसून काम करणारा मी पहिला. पण त्या खुर्चीत बसताना मला प्रत्येक वेळी आठवण होते, असं मी म्हणणार नाही. होत नाही. कितीतरी दिवस काहीच आठवत नाही. मी जेवतो, झोपतो, हसतो. हेही सांगायला हवं.

रेणू दर दिवाळीनंतर नवऱ्यासोबत फडात जाते. तिचा कोयता चांगला चालतो म्हणतात. मोळी तिच्यासारखी कुणाला बांधता येत नाही.

या जूनमध्ये तिची मुलगी पहिलीला गेली. रेणूनं तिला माझ्याकडं ठेवायचं ठरवलं. हंगामात तिची शाळा बुडू नये म्हणून. शाळेचा फॉर्म भरायला आम्ही दोघं टेबलाशी बसलो होतो. पेन माझ्या हातात. मुलीचं नाव, जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय. मग आईचं शिक्षण. मी थांबलो. रेणूनं फॉर्मकडं बघितलं आणि म्हणाली —

"बारावी लिव ना. त्याच्यापुढचं थोडीच धरतात."

त्याच्यापुढं तिनं तीन सत्रं केली होती. तिन्हींत प्रथम श्रेणी. रसायनशास्त्रात वर्गात पहिली. मी बारावी लिहिलं.

तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. बायको दुकानात गेली होती, मुलं खेळत होती. सांगायला याहून मोकळी वेळ कुठली होती? मी फॉर्मची घडी घातली आणि तिला विचारलं, चहा ठेवू का.

हे छापून आलं तर ती वाचेल. मराठी वाचायला तिला माझ्यापेक्षा कमी वेळ लागतो. वस्तीचं नाव मी लिहिलेलं नाही, पण तिला पहिल्या पानातच कळेल. ती काय करेल, मला माहीत नाही. तिनं काय करावं, हे सांगण्याची जागा माझी नाही. तिनं माफ करावं म्हणून मी हे लिहिलेलं नाही. तुम्हीही काही म्हणावं, अशी माझी अपेक्षा नाही.

चौथ्या सत्राचं तिचं वेळापत्रक भरलेलं होतं आणि माझं रिकामं होतं. जायचं होतं मी. गेली ती.

मी बी.ए. झालो, द्वितीय श्रेणीत. आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर मी आहे.